गार कानांचा ताप

लोक नर्सला ताप मोजायला बोलावत नाहीत, ताप काढायला बोलावतात. नोकरीच्या सुरुवातीला मला हा फरक कळत नव्हता. मी थर्मामीटर झटकून पोराच्या काखेत द्यायची आणि घड्याळाकडे बघत बसायची. घरातली म्हातारी माझ्याकडे बघत बसायची. "काचंची नळी धरून काय हुतंय बाई? सुई मारा अन् मोकळं करा." सुई मारली नाही म्हणजे बाईला काही येत नाही, असा गावाचा सरळ निकाल असायचा.

मी धारूरच्या डोंगरकडेला एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी कपाट आणि पायाखाली पाच-सहा गावं आणि वस्त्या. डॉक्टर तिथं नसतो. बाळंतिणी, लसी, लोहाच्या गोळ्या हे आमचं ठरलेलं काम. पण माझ्या चपला सगळ्यात जास्त झिजल्या त्या पोरांच्या तापापायी. दवाखान्यातला ताप डॉक्टरच्या ताब्यात असतो. घरातला ताप आजीच्या ताब्यात असतो, आणि आजीकडून काम करून घेणं हे औषध देण्यापेक्षा अवघड.

मला मात्र घरोघरच्या रीतींचं कुतूहल असायचं. कुठं तळपायाला कांदा चोळतात, कुठं दारं-खिडक्या लावून पोराला अंधारात ठेवतात, कुठं पाणी तोडतात. एका घरी पोराची आई त्याच्या कपाळाला गाल टेकवून "शंभर हाय" असं सांगायची. दर वेळी शंभरच. एकदा मला शंका आली म्हणून थर्मामीटर तिच्याच काखेत दिला, तर ताप तिला निघाला आणि पोरगं ठणठणीत. अशा गोष्टींना मी हसते, पण विचारल्याशिवाय सोडत नाही. कावून करता? कुणी शिकवलं? गुण येतो का? विचारणाऱ्या बाईला लोक खरं सांगतात. नुसतं शिकवणाऱ्या बाईला "हाव, हाव" म्हणतात आणि ती वळली की गोधडी परत पांघरतात.

या विचारण्याचा एकदा फार मोठा उपयोग झाला.

दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्याकडं असं वर्ष आकड्यानं ओळखत नाहीत, टँकर कधी सुरू झाला त्यावरून ओळखतात. त्या वर्षी टँकर दिवाळीतच सुरू झाला होता. चारा संपला, तशी दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. हिरव्या जाळ्यांची शेडं, त्याखाली दावणी, दावणीला गावोगावची जनावरं. चारा म्हणून ऊस यायचा, कधी कडबा, ठरलेल्या दिवशी पेंड. जनावराजवळ घरचं माणूस हवं, असा छावणीचा नियम. तपासणीला माणूस दिसलं नाही तर जनावराचं नाव कमी व्हायचं. त्यामुळे लोक घराला कुलूप लावून जनावरांपाशी राहायला आले. बाजा आल्या, चुली मांडल्या, पाण्याची टिपाडं ओळीनं उभी राहिली. पोरंही आलीच. तापाचं पोर घरी कसं सांभाळावं हे सांगणं माझं काम, आणि आता घर म्हणजे बैलाशेजारी टाकलेली बाज.

ज्ञानोबाआबा आणि सोजरआजी तिथंच राहायचे. त्यांची बैलजोडी, एक गाय, आणि नात दिपू. दिपू पाचेक वर्षांची असेल. तिचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले, दोन जिल्हे ओलांडून. जाताना सुनेनं पोरगी सासूच्या ओटीत घातली होती. "सुनंनं काय सांगितलं म्हाईतंय का शिस्टर?" आजी मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "पोरीचं काय कमी-जास्त झालं तर मला तोंड दावू नका म्हणली. एरवी ती तशी बोलली नसती, पण पोटातून बोलली." त्या बोलण्याचं ओझं आजी दिवसभर वागवायची. दिपू शिंकली तरी ती उठून बसायची.

माझ्या हातचं औषध सगळ्यांनाच चालायचं. चहाचं ज्याचं त्याचं वेगळं. आम्ही बौद्ध आहोत हे माझ्या आधी गावात पोचलेलं असतं. सोजरआजीनं पहिल्या दिवशी स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यासमोर ठेवला. त्यामुळेच हे कुटुंब लक्षात राहिलं असं नाही. पण चहा लक्षात आहे.

एका सकाळी मी छावणीवर पोचले तर आबा वाटेतच उभे. "बाई, आधी आमच्याकडं. पोरगीला थंडी भरलीय." जाऊन बघते तर बाजेवर दोन गोधड्या, त्यावर बैलाची झूल, आणि त्या ढिगाच्या टोकाला दिपूचं नाक. बाजेखाली शेणीचा धूर. मी ढीग उपसायला लागले तर आबांनी माझा हात धरला नाही इतकंच.

"अवो, काय करता? कान बघा तिचे. बरफ हायेत, बरफ!"

मी कान बघितले. खरंच गार होते. हात-पायही गार. पोरगी कुडकुडत होती. मग मी काखेत थर्मामीटर दिला. एकशे तीनच्या वर गेला.

"आबा, ताप आहे. चांगला सणसणीत."

"ताप? अन् कान गार?"

"ताप चढताना असंच होतं. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शरीर हात, पाय, कान यांच्याकडचं रक्त आखडतं. वरून गार, आतून भट्टी. तुम्ही भट्टीवर झूल टाकलीय."

"बैल आजारी पडला की आदी कान गार हुतेत. मग आमी झूल घालतो."

"आणि बैल बरा होतो?"

"कवा हुतो, कवा न्हाई," आबा म्हणाले. खोटं बोलणारा माणूस नव्हता.

मी गोधड्या काढल्या, एक पातळ चादर ठेवली. कुडकुड थांबल्यावर कोमट पाण्यानं अंग पुसायला सांगितलं. गार पाणी वापरलं की पोर पुन्हा कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आजीनं बाजेखाली घमेलं सरकवलं, पोरीला बाजेवर पुसलं, आणि सुंभातून खाली गळलेलं पाणी गाईसमोर नेऊन ठेवलं. त्या वर्षी आंघोळीही अशाच चालायच्या. गाईनं वास घेतला आणि प्यायली.

तापाचं औषध पोराच्या वयावर नाही, वजनावर द्यायचं असतं. माझा वजनकाटा अंगणवाडीत राहिला होता. समोर पेंड मोजायचा काटा लटकत होता. मी दिपूला चादरीच्या झोळीत घालून आकड्याला अडकवायला निघाले, तर सोसायटीचा सेक्रेटरी वसंतराव धावत आला.

"ओ सिस्टर! तो चाऱ्याचा काटा हाय. मी हिला काय म्हणून लिहू? हिरवा चारा का वाळला?"

"वाळला लिहा," आजी म्हणाली. "चार दिस झाले, धड जेवली न्हाई कार्टी."

तेरा किलो भरली. झोळीत लटकताना तापातसुद्धा ती हसली. हसणं मी नीट बघून ठेवते. तापातलं पोर औषधानं ताप उतरल्यावर हसतं-खेळतं का, पाणी पितं का, लघवी करतं का, हाक मारली की बघतं का, हे थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. आजीला औषधाचं माप दाखवलं, दुकानातली दुखण्याची गोळी आणू नका म्हणून बजावलं. बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं, मलेरियासाठी. साखर-मिठाचं पाणी घोट-घोट पाजायला सांगितलं. आबा सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "समदं बरोबर हाय. पण कान गार व्हते."

दुसऱ्या दिवशी ताप होताच. डोळ्यांमागं दुखतं म्हणायची, अंग ठणकायचं. ती लक्षणं मला आवडली नाहीत. तालुक्याला नेऊन रक्त तपासून घ्या, मी म्हणाले. "उद्या जाऊ," आजी म्हणाली. उद्या म्हणजे बैलांपाशी कोण बसणार ते ठरल्यावर.

त्याच दिवशी मी सगळ्या टिपाडांची झाकणं उचलून बघितली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. नदी कोरडी, विहीर कोरडी, आणि डासांना मात्र शेडाच्या सावलीत भरलेली टिपाडं. दुष्काळात डासाचा ताप, म्हणजे डेंग्यू, येतो हे ऐकून शहरातले लोक चकित होतात. यात चकित होण्यासारखं काही नाही. पाणी नसतं तेव्हाच माणूस पाणी साठवतो.

पुस्तकात लिहिलंय, टिपाड ओतून कोरडं करा. हे दुष्काळात लोकांना सांगून बघा. मी सांगितलं, तर एका बाईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिचं मंगळसूत्र गटारात टाकायला सांगतेय. "ओतू? अन् मग काय माझ्या डोळ्यातलं पिऊ?" ती म्हणाली. तिचंही खरं होतं. मग आम्ही जुन्या लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळायला सुरुवात केली. या टिपाडातून त्या टिपाडात. फडकं उन्हात दगडावर उलटं टाकायचं, अळ्या तिथंच मरायच्या. पोरं बघायला गोळा झाली. काही कुटुंबांनी दोन दिवस केलं, मग सोडलं. सगळ्यांना रोज करायला लावणं मला जमलं नाही, आणि ते मला अजून खटकतं. छावणी उठेपर्यंत तापाची पोरं निघत राहिली.

गाळणं चाललं होतं तेव्हा आबा बाजूला बैलाच्या अंगावरून हात फिरवत बसले होते. माझी विचारायची खोड काही जाईना.

"आबा, बैलाचा ताप कसा ओळखता, दाखवा की."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग खात्री पटली आणि ते उठले. आधी कानाच्या मुळाशी धरायचं, टोकाला नाही. मग नाकाडं बघायचं. चांगल्या बैलाचं नाकाडं दवानं ओलं असतं, आजाऱ्याचं कोरडं. शेण बघायचं, मूत बघायचं. "अन् समद्यात मोठं, रवंथ. जवर रवंथ करतोय तवर बैल आपला. रवंथ थांबलं की मंग डॉक्टर, देव, जे काय असंल ते बोलवायचं."

"आणि तापाचा काटा?"

"ढोरांचा डॉक्टर शेपटीखाली घालतो," सोजरआजी मधेच म्हणाली. "शिस्टर काखंत घालत्यात, तेवढंच आपलं नशीब."

मला हे सगळं फार गमतीचं वाटलं. कारण मी पोरांसाठी जी लक्षणं सांगते तीच ही, फक्त जनावराच्या शरीरातून वाचलेली. खातं-पितं का, लघवी होते का, तोंड कोरडं पडलंय का. एक रवंथ सोडलं तर. पोर रवंथ करत नाही.

"करती की," आबा म्हणाले, आणि बाजेकडं बोट दाखवलं.

दिपूच्या तोंडात उसाचं कांडं होतं. छावणीतली सगळीच पोरं बैलांच्या उसातलं एखादं कांडं घेऊन दिवसभर चघळत फिरायची. दिपू तापातही सोडायची नाही. चावायची ताकद नव्हती, पण एका गालातून दुसऱ्या गालात फिरवत, चोखत पडायची. मी म्हटलं ठीक आहे, हे रवंथ धरू. पोटात पाणी आणि साखर जातेय.

मधे एक दिवस दुसऱ्या वस्तीवर लसीकरण होतं. त्याच्या पुढच्या सकाळी मी छावणीवर गेले तर सोजरआजी लांबूनच हात हलवत आली. चेहरा असा उजळलेला की जणू घरात लग्न ठरलंय.

"गेला! शिस्टर, ताप गेला! काल सांजच्याला उतरला तो उतरलाच. सकाळधरनं अंग पाण्यावानी हाय. मी दृष्ट काढली अन् सुनंला फोनपण केला. पोरगी बरी हाय म्हणलं, तू निवांत कोयता चालव."

आबा बाजेच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. उठले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमी म्हणला, ताप चढतोय म्हणून कान गार. बरं. आज ताप न्हाई. कान परत गार हायेत. आता काय म्हणता?"

"अवो, गप बसा की!" आजी कावली. "ताप न्हाई मंजी गारच राहणार ना अंग. आता काय कान तव्यावर शेकू?"

दोन्ही बाजूंनी मला ऐकवलं जात होतं. मी बाजेवर बसले. थर्मामीटर लावला. ताप नव्हता, आजीचं बरोबर होतं. कान धरले. गार, आणि ओलसर. आबांचंही बरोबर होतं. दिपू डोळे अर्धे मिटून पडली होती. हाक मारली तर "उं" म्हणाली आणि पोट धरून कुशीवर वळली.

"पोट दुखतं म्हणती जरा," आजी म्हणाली. "उपाशी पोटाला वारं धरलं असंल. सकाळी दोनदा वकली."

"लघवी?"

आजीनं आबांकडं बघितलं. आबांनी आजीकडं. "काल सांजच्याला केलती का गं?"

"काल दुपारी," आजी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज खाली आला.

उसाचं कांडं पोरीच्या गालाशी बाजेवर पडलं होतं. मी उचलून बघितलं. वाळलेलं. आबा म्हणाले, "रात्रीपासून तोंडात धरती, पण फिरवीत न्हाई. मी तेच सांगायलोय हिला सकाळपासून."

मी दिपूचं बोट धरून नख दाबलं. चांगल्या माणसाचं नख दाबलं की पांढरं होतं आणि सोडताच लगेच गुलाबी. तिचं गुलाबी व्हायला वेळ लागला. फार नाही. पण लागला.

या डासाच्या तापाचं हेच वाईट. बाकीच्या तापात ताप उतरला की आपण सुटलो. या तापात कधी कधी ताप उतरतो तेव्हाच शरीरातल्या रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, मग हात-पाय-कानाला रक्त पुरत नाही, लघवी बनत नाही. वरून पोर गार, शांत, घरचे खूश. आणि आतून विहीर तळाला चाललेली. पहिल्या दिवशीचे गार कान आणि आजचे गार कान बाहेरून अगदी सारखे होते. अर्थ दोन टोकांचे.

"आजी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"अन् आता तर बरी झाली म्हणलं मी सुनंला..." आजीनं तोंडावर पदर धरला. एवढंच. मग पदर खोचला आणि पोरगी उचलली.

अँब्युलन्सला फोन केला. ती दुसऱ्या टोकाला बाळंतीण घेऊन गेलेली, यायला वेळ होता. छावणीच्या तोंडाशी सोसायटीची दूधगाडी उभी होती, सकाळचं दूध भरत. दुष्काळात दूध कसलं, अर्धे कॅन रिकामेच. ड्रायव्हर बशीरभाई माझ्या ओळखीचे. त्यांच्या दोन्ही पोरांना लसी मीच टोचलेल्या.

"भाई, तालुक्याला. वाटेत कुठंही न थांबता."

"न थांबता?" बशीरभाईंनी कॅनवरचा हात काढला. "सिस्टर, रस्त्यावर तीन गावाचं दूध उभं हाय. लोक कॅन घेऊन वाट बघतेत. न्हाई थांबलो तर दूध नासंल, अन् दूध नासलं तर चेअरमन मला नासवंल."

मी त्यांना दिपूचा हात धरायला लावला. त्यांनी धरला, सोडला, आणि गाडीत चढून बसले. "बैठो," एवढंच म्हणाले.

आबा डोक्याला टॉवेल गुंडाळत मागे आले. "मी बी येतो."

वसंतराव सेक्रेटरी मधे आला. माणूस वाईट नव्हता. त्याच्यावर वरच्यांची नजर होती. "आबा, आज तपासणी हाय. तुमच्या दावणीला कुणीच न्हाई दिसलं तर तिन्ही जनावरं जातील. मग कुठं नेताल?"

"जाऊ दे, मरू दे जनावरं!"

हे वाक्य ज्ञानोबाआबांच्या तोंडून निघालेलं ऐकून शेजारच्या दावणीवरचे लोक वळून बघायला लागले. सोजरआजीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमी तिथं येऊन काय करणार? डॉक्टरचे कान बघणार? बसा बैलापाशी. ह्या येतेत माझ्यासंगं." ह्या म्हणजे मी. गाडी हलली तेव्हा आबा दावणीकडं गेले नाहीत, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

केबिनमध्ये बशीरभाई, मधे मी, खिडकीपाशी आजी, मांडीवर दिपू. मी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं तिच्या ओठात सोडत होते. चमचा ओतायचा, गिळते का बघायचं, मग पुढचा. पहिलं गाव आलं. रस्त्याकडेला सात-आठ माणसं कॅन, बरण्या, घागरी घेऊन उभी. बशीरभाईंनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. एक गडी कॅन घेऊन गाडीमागं पळत सुटला. "ए बश्या! थांब बे! आंधळा झाला का काय?"

"उद्या ह्यो माझी गचांडी धरनार," बशीरभाई आरशात बघत म्हणाले. "धरू दे."

दुसऱ्या गावी एक बाई तर रस्त्याच्या मधेच उभी होती, हात आडवे करून. जवळ गेल्यावर तिला काचेतून आजीच्या मांडीवरचं पोर दिसलं असावं. ती बाजूला झाली आणि मागच्या माणसांना ओढून बाजूला केलं. त्या दिवशी त्या गावांत घरोघर खवा आटला, असं नंतर ऐकलं. सोसायटीनं बशीरभाईंना बोलावून घेतलं, हेही ऐकलं. काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी एकदाच विचारलं. "चाय पी के आया," म्हणाले.

घाटात दिपूनं चमचा गिळायचं थांबवलं. पाणी ओठाच्या कडेनं ओघळलं. आजीनं ते बघितलं आणि पोरीला गदागदा हलवत तिच्या कानात ओरडली, "दिपे! ए दिपे! तुझी माय येणार हाय गं! ऊठ, माय येणार हाय!" दिपूनं डोळे उघडले. मी लगेच चमचा घातला. गिळलं. उरलेला रस्ता आजी तेच ओरडत राहिली. बशीरभाईंनी एकदाही इकडं बघितलं नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर तरुण होते, चटपटीत होते. नख त्यांनीही दाबलं. बीपी घेतलं, रक्त घेतलं, सलाईन चालू केलं. "चांगल्या वेळी आलात," म्हणाले. मग म्हणाले, "आता लघवी होईपर्यंत मला काही विचारू नका."

हे शेवटचं वाक्य आजीला नीट कळलं. बाकी बीपी, पेशी वगैरे तिच्या डोक्यावरून गेलं. ती पोरीला मांडीवर घेऊन कॉटवर मांडी घालून बसली. नर्सनं सांगितलं, आजी, पोरीला कॉटवर झोपवा. आजी म्हणाली, "मला कळलं पायजे." त्यापुढं तिच्याशी कुणी वाद घातला नाही. सलाईनचा थेंब पडायचा, आजी थेंबाकडं बघायची, मग मांडीकडं. पोरीचे हात मी धरून होते. ते आधी तसेच राहिले. मग बोटं कोमट झाली की मलाच तसं वाटतंय, हे मला ठरवता येईना. पंचवीसेक वर्षं पोरांचे हात धरल्यावरही अशा वेळी स्वतःच्या हातावर भरवसा राहत नाही.

आजी मधेच हळूच म्हणाली, "सुनंला परत फोन करावा का?"

"काय सांगणार?"

"तेच तर," ती म्हणाली आणि परत थेंबाकडं बघायला लागली.

दुसरी बाटली लावली. ऊन खिडकीतून कॉटच्या पायापर्यंत आलं. वॉर्डात शेजारच्या कॉटवरच्या बायका जेवणाचे डबे उघडत होत्या. आणि आजी एकदम ओरडली.

"मुतली! शिस्टर, मुतली! अगं माझी बाय, मुतली गं!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. एका बाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आजीचं नऊवारी मांडीपासून गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि ती हसत होती, रडत होती, आणि दिपू या गलक्यानं दचकून भोकाड पसरत होती. खणखणीत. तो आवाज ऐकून डॉक्टर आत डोकावले आणि काही न विचारता परत गेले.

मी वसंतरावाच्या मोबाइलवर फोन लावला. तिकडून पळाल्याचा आवाज आला, बैलाच्या घुंगरांचा आला, मग आबांचा श्वास. विचारायचं धाडस होत नसावं.

"आबा, लघवी झाली."

आबा खाकरले. "किती? अन् रंग कसा हाय? पिवळं गडद का पांढरं?"

मी आजीला खिडकीशी उभं केलं आणि भिजलेलं लुगडं उजेडात धरायला लावलं. नीट बघितलं.

"पांढरं, आबा. आणि लुगडं पिळावं लागेल इतकं."